यादी राहू द्या, आधी डोक्याचं माप घ्या

प्रश्न: मी ४३ वर्षांची आहे, कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. पुढच्या महिन्यापासून मी आणि माझा ११ वर्षांचा मुलगा शनिवार-रविवार सकाळी घोडेस्वारी शिकायला जाणार आहोत. लहानपणापासूनची हौस होती, आता योग आला. भाच्याने सामानाची यादी पाठवली आहे: हेल्मेट, ब्रीचेस, गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट, हाफ चॅप्स, ग्लोव्हज, बॉडी प्रोटेक्टर, चाबूक, स्पर्स, एवढंच काय, खास रायडिंगचे मोजेसुद्धा. दोघांच्या खर्चाची बेरीज पाहून आमचे हे म्हणाले, "एवढ्यात घोडाच येईल." त्यांचं म्हणणं, घरात स्कूटरचं आयएसआय हेल्मेट आहे, ट्रेकिंगचे बूट आहेत, जीन्स आहेत, त्यावर भागवा. मुलाला मात्र उंच काळे बूट हवेच आहेत. मला चष्मा आहे, गळ्यात मंगळसूत्र असतं. नक्की काय घ्यावं?
– हौशी स्वार, कोथरूड

ताई, तुमच्या यजमानांची काटकसर मला मान्य आहे. पण पंचाईत अशी की ज्या तीन गोष्टींवर ते भागवा म्हणतात, नेमक्या त्याच तीन घोड्यावर चालत नाहीत. आणि भाच्याच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक वस्तू तुम्हा दोघांना निदान पहिले काही महिने लागणार नाहीत. तेव्हा दोघांचंही थोडं थोडं ऐकू.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते डोक्यावर करा. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढलेलं आपलं शहर. तुमच्या घरात हेल्मेट आहे आणि ते वापरलं जातं, याबद्दल यजमानांचं कौतुकच. पण स्कूटरचं हेल्मेट घोड्यावर नको. एक तर ते जड असतं. घोडा दुडकी धरतो तेव्हा स्वार दर पावलाला वर-खाली होतो, आणि डोक्यावरचं ते ओझं प्रत्येक वेळी मानेला हिसका देतं. दुसरं, त्याने कान झाकले जातात आणि बाजूचं दिसत नाही. मैदानाच्या मध्ये उभे राहून सर काय ओरडताहेत ते ऐकू यायला हवं आणि मागून येणारा दुसरा घोडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायला हवा. मुलाकडे सायकलचं हेल्मेट असेल तर तेही नको. ते डोक्याच्या वरच्या भागावर बसतं. कानशिलं आणि मागचा कवटीचा भाग बराचसा उघडा राहतो. घोड्यावरून माणूस कसाही पडू शकतो, कडेला किंवा मागेही. घोड्याची उंची 'हँड'मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे ४ इंच. १६ हँडचा घोडा म्हणजे पाठीपाशीच ५ फूट ४ इंच. त्यावर तुम्ही बसलात की तुमचं डोकं जमिनीपासून ८ फुटांच्या आसपास जातं. वर खुरांची भीती वेगळीच. रायडिंगचं हेल्मेट हे सगळं धरून बनवतात. ते मागे खालपर्यंत उतरतं आणि वजनाला साधारण अर्धा किलो असतं.

विकत घेताना आतलं लेबल उलटून पाहा. त्यावर ईएन १३८४, पास ०१५, व्हीजी १ किंवा एएसटीएम एफ ११६३ यांपैकी काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे. ही सगळी घोडेस्वारीच्या हेल्मेटची मानकं आहेत. नुसतं 'स्पोर्ट्स हेल्मेट' लिहिलेलं असेल तर परत ठेवा. मखमली काळी टोपी, हनुवटीला नाजूक इलास्टिक, अशी दिसायला झकास गोष्टही कुठे कुठे मिळते. ती फोटोसाठी ठीक आहे.

आता माप. घरातली शिवणकामाची टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर येतो त्यावरून फिरवा. हा आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. केस त्या वेळी तसेच बांधा जसे घोड्यावर बसताना बांधणार आहात: मानेवर खाली, सैल अंबाडा किंवा वेणी. उंच पोनीटेल किंवा डोक्यावरचा बुचडा असला की हेल्मेट पुढे सरकतं आणि कपाळावर कलतं. दुकानात हेल्मेट सरळ ठेवा, पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर. पट्टा न लावता मान खाली घालून हलवा. ते निसटलं तर सैल. मग हाताने धरून ते मागे-पुढे हलवा. भुवयांवरची कातडी त्याच्याबरोबर हलली तर बरोबर बसलंय. कातडी जागेवर राहून हेल्मेटच सरकलं तर एक माप लहान बघा. हनुवटीचा पट्टा लावल्यावर खाली एक बोट जाईल इतकाच सैल असावा. त्यानंतर दहा मिनिटं तसंच घालून दुकानात फिरा. कानशिलांवर दुखलं किंवा कपाळावर लाल वळ उठला तर माप बरोबर असूनही आकार चुकलाय. कुणाचं डोकं गोल असतं, कुणाचं लांबट, आणि कंपनीगणिक साचा बदलतो. म्हणूनच हेल्मेट ऑनलाइन मागवायचं तर परत करण्याची सोय आहे का ते आधी बघा.

मुलासाठी 'वाढत्या अंगाचं' म्हणून एक माप मोठं घेऊ नका. शाळेच्या गणवेशाला तो हिशेब चालतो, इथे नाही. मागे फिरकी असलेलं हेल्मेट मिळतं, ते थोडं कमी-जास्त करता येतं, तेवढीच सवलत.

आणि हेल्मेट कुणाचं वापरलेलं घ्यायचं नाही. ओळखीतलं असलं तरी नाही, जुन्या बाजारातलं तर मुळीच नाही. आतला फोम आपटल्यावर दबतो आणि पुन्हा फुगत नाही, पण वरून काही दिसत नाही. एकदा डोक्यावर पडलात की ते हेल्मेट संपलं. पडला नाहीत तरी साधारण पाच वर्षांनी बदलायचं. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नका, त्या उष्णतेने फोम आणि चिकटवणी दोन्ही खराब होतात.

बहुतेक क्लबांत सुरुवातीला हेल्मेट मिळतं. पहिल्या दोन-चार तासांना ते चालेल, फक्त त्यांच्याकडे तुमच्या मापाचं आणि मानकाचं आहे का हे आधी विचारा. आत घालायला पातळ सुती टोपी किंवा रुमाल न्या. आधीच्या बॅचचा घाम आणि खोबरेल तेल आपल्या केसांत कशाला? शाळकरी मुलांत उवांचाही प्रश्न असतो, स्पष्टच सांगते.

आता पाय. पुण्यात एकही घर असं नसेल जिथे सिंहगडचा चिखल लागलेले ट्रेकिंगचे बूट नाहीत, आणि नवशिके हमखास तेच घालून येतात. त्यात दोन गोष्टी चुकीच्या असतात. पुढचा भाग रुंद आणि जाड, त्यामुळे रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, गच्च बसतो; आणि तळव्याच्या खोल खाचा रिकिबीच्या पट्टीवर अडकतात. गडावर जी पकड तुम्हाला वाचवते तीच इथे नडते. पडताना पाय रिकिबीतून सुटला पाहिजे. तो अडकला आणि घोडा बिथरून धावला तर स्वार त्याच्यामागे फरफटत जातो. घोडेस्वारीतल्या भयंकर अपघातांपैकी हा एक, आणि टाळायला सोपा. स्पोर्ट्स शूजचं उलटं होतं: टाच नसते, त्यामुळे पाय रिकिबीतून आरपार पुढे घसरतो आणि घोट्यापाशी अडकतो.

तेव्हा बूट असे हवेत: तळवा बऱ्यापैकी गुळगुळीत आणि सलग, टाच साधारण एक इंचाची, घोटा झाकणारे, पुढून निमुळते, बकल नसलेले. नाडी असेल तर तिची टोकं आत खोचा. कॅम्पातल्या चपला-बुटांच्या दुकानांत बाजूला इलास्टिक असलेले साधे चामडी अँकल बूट मिळतात, ते सुरुवातीला उत्तम. रायडिंगचेच घ्यायचे असतील तर जोधपुरी बूट म्हणून जे मिळतात ते घ्या. डेकॅथलॉनमध्ये फूगांझा नावाने घोडेस्वारीचं सामान येतं, नवशिक्यांसाठी ते पुरेसं आहे. पण सगळ्या शाखांत ठेवत नाहीत, जाण्याआधी चौकशी करा. बूट घेतले की पहिल्या दिवशी जमिनीवरच उभं राहून रिकिबीत पाय घालून बघा. बुटाच्या दोन्ही बाजूंना साधारण सेंटिमीटरभर मोकळी जागा राहायला हवी. कमी असेल तर मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, मोठी रिकीब लावायला सांगा. संकोच करू नका, त्यांना याची सवय असते.

चिरंजीवांचे उंच काळे बूट यंदा घेऊ नका. ११ वर्षांच्या मुलाचा पाय चपलेला दाद देत नाही, तिथे गुडघ्यापर्यंतच्या चामडी बुटाला कुठून देणार? शिवाय नवे उंच बूट घोट्याशी मऊ पडेपर्यंत टाच खाली दाबता येत नाही, आणि पहिले दोन महिने सर दुसरं काही सांगतच नाहीत: "टाच खाली, टाच खाली." शाळेचे काळे चामडी बूट टाचेचे असतील तर पहिले काही तास त्यावरही निभेल. पावसाळ्यातले गमबूट मात्र नकोत. रबर रिकिबीवर चिकटतं.

उंच बुटांचा खरा उपयोग असतो तो पोटऱ्यांसाठी. रिकीब ज्या चामडी पट्ट्याला लटकते तो पट्टा पोटरीला चिमटे काढतो, आणि दोन-तीन तासांनंतर तिथे निळं होतं. त्यावर हाफ चॅप्स हा मधला मार्ग: घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पायाला गुंडाळायचं चामड्याचं किंवा रेग्झिनचं आवरण. महिन्याभराने, मुलाची हौस टिकलेली दिसली तर घ्या. तोपर्यंत फुटबॉलचे लांब स्टॉकिंग्ज घ्या आणि विजारीवरून गुडघ्यापर्यंत ओढा. खास रायडिंगचे मोजे यादीतून खोडले ते असे.

जीन्सबद्दल. जीन्सची आतली शिवण जाड दोरीसारखी असते आणि ती बरोबर मांडीच्या आत, गुडघ्यापाशी येते, जिथे खोगीर घासतं. दुडकीवर उठबस करताना तिथली कातडी सोलवटते. मग रविवारी संध्याकाळी पाय फाकवून चालायचं आणि सोमवारी काउंटरवर बसताना तोंडं करायची! नायलॉनची ट्रॅक पँट चामड्यावर घसरते, मांड बसत नाही. सलवार, पलाझो यांचा विचारच नको, कापड रिकिबीच्या पट्ट्यात जातं. चुडीदार चालेल असं वाटतं, पण त्याच्या चुण्या नेमक्या पोटरीवर येतात आणि बुटाखाली रुततात. तुमच्या कपाटात जाड सुती-लायक्राची लेगिंग असेलच, ती घाला. मुलाला शाळेच्या पीटीची सुती, अंगाबरोबर बसणारी पँट पुरे. गोडी लागली की मग ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची अंगाबरोबरची विजार; गुडघ्याला आतून ठिगळ असतं, त्याने पकड येते आणि शिवण बाजूला गेलेली असते. एकदा घातल्यावर पुन्हा लेगिंगकडे वळणार नाही. ब्रीचेस आणि बूट वापरलेले घ्यायला काहीच हरकत नाही. क्लबातल्या मोठ्या मुलांच्या आयांना विचारा, घरोघर लहान झालेले जोड पडून असतात.

आतल्या कपड्यांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. शिवण कमी असलेले, अंगाला घट्ट बसणारे सुती कपडे घाला, लेस नको. आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्याच. दुडकी सुरू झाली की का ते कळेल. यादीत ही वस्तू नव्हती, पण हेल्मेटनंतर बायकांना हीच आधी लागते.

वर साधा, पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबरचा टी-शर्ट, आत खोचलेला. खोचलेला अशासाठी की सरांना तुमच्या पाठीचा कणा दिसायला हवा. झग्याआड पाठ वाकलेली कळत नाही. ओढणी, स्टोल, मफलर, टोपीची हुडी नको. डिसेंबरात पहाटे थंडी असते तेव्हा चेनचं जॅकेट घाला आणि चेन लावूनच ठेवा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली नऊवारी नेसून घोड्यावर बसतात, मग इथे एवढं काय, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. तिथे लगाम मोतद्दाराच्या हातात असतो आणि घोडा संथ चालीने जातो. तुमचा घोडा काही आठवड्यांनी तुमच्याच हातात असणार आहे.

मंगळसूत्र लांब असेल तर घरी ठेवा. आखूड, आत राहणारं असेल तरी काढलेलं बरं. पडताना ते खोगिरात किंवा लगामात अडकलं तर गळ्यालाच ओढ बसते. बांगड्या, लोंबते डूल, अंगठ्या तशाच. हातात पकडलेला लगाम घोड्याने हिसडला की अंगठी बोटाची काय गत करते ते इथे लिहीत नाही. आणि जोडवी! हे सहसा कुणी सांगत नाही. रिकिबीत सगळा भार पायाच्या चवड्यावर येतो आणि बंद बुटात जोडवी शेजारच्या बोटात रुतते. पहिल्या तासाला लंगडत येणाऱ्या बायकांना मी आधी जोडवी आहेत का, ते विचारते.

चष्म्याला मागून स्पोर्ट्सचा पट्टा लावा. काड्या पातळ, सरळ असतील तर हेल्मेटखाली टोचत नाहीत. हेल्मेट घ्यायला जाताना चष्मा घालूनच जा. मोबाइल आणि किल्ल्या खिशात नकोत, कठड्यापाशी कुणाकडे तरी द्या.

ग्लोव्हज हवेत, कारण नवशिका लगाम घट्ट धरतो आणि करंगळी व अनामिकेच्या मध्ये साल निघते. रविवार पेठेत, बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत रबरी ठिपक्यांचे सुती हातमोजे मिळतात. हाताला घट्ट बसले तर सुरुवातीला तेच वापरा. मुलाच्या मापाचे नाही मिळाले तर सैल घालण्यापेक्षा मोकळे हात बरे.

बॉडी प्रोटेक्टरबाबत क्लब सांगेल ते ऐका. मैदानावर चाल आणि दुडकी शिकताना मोठ्यांना सहसा आग्रह नसतो, लहान मुलांना काही ठिकाणी असतो, उड्या सुरू झाल्या की हवाच. घ्यायची वेळ आली तर ईएन १३१५८, लेव्हल ३ असं लेबल बघा आणि बसल्यावर त्याची मागची कड खोगिराच्या चार बोटं वर राहते ना, तेही बघा. मोटारसायकलचं जॅकेट त्याला पर्याय नाही. चाबूक आणि स्पर्स खोडून टाका. स्वतःचा पाय स्थिर होईपर्यंत स्पर्स, म्हणजे बुटाच्या टाचेला बांधायचे धातूचे काटे, लावणं म्हणजे नकळत घोड्याच्या बरगडीत टोचत राहणं. चाबूक लागेल तेव्हा सर हातात देतील.

एक गोष्ट तुमच्या यजमानांसाठी, कारण ते सोडायला येणार आणि कठड्याशी उभे राहणार असं धरून चालते. क्लबांतले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. शिकवलेले, समजूतदार, पण मूळचे तिखट कानांचे. बटण दाबल्यावर फाडकन उघडणारी छत्री, वाऱ्यावर फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, व्हेल्क्रोचा चर्रर्र आवाज, यांनी ते दचकतात. पावसात छत्री कठड्यापासून लांब उघडायची. तुम्हीही घोड्यावर बसलेल्या असताना विंडचीटर काढायचा किंवा घालायचा नाही. दोन्ही हात बाह्यांत अडकलेले, लगाम सुटलेला आणि कानाशी नायलॉनची सळसळ. उकडलं तर थांबून खाली उतरा.

शेवटची खरेदी औषधाच्या दुकानातली. तबेल्याच्या मातीत, लिदीत धनुर्वाताचे जंतू असतातच. तुमचं शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांपेक्षा जुनं असेल, किंवा कधी घेतलं तेच आठवत नसेल, तर वर्ग सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. मुलाचं लसीकरणाचं कार्डही बघा.

म्हणजे या महिन्यात दोन हेल्मेटं, दोघांचे टाचेचे बूट, फुटबॉलच्या स्टॉकिंग्जचे दोन जोड, तुमची स्पोर्ट्स ब्रा, चष्म्याचा पट्टा आणि तुमच्या मापाचे हातमोजे. हेल्मेट आणायला मुलाला बरोबर न्या, आणि सगळी बिलं जपून ठेवा.